गॅलरीत गावाची कागदं: कर्जाच्या ॲपनं आम्हाला कसं फसवलं

हे लिहिते आहे ते बचत गटाच्या अध्यक्ष-सचिवांसाठी, आशाताईंसाठी, रोजगार सेवकांसाठी, सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांसाठी. आपल्या फोनमध्ये आपलं एकट्याचं काही नसतं. कुणाचं आधार, कुणाच्या पासबुकाचं पहिलं पान, कुणाचा सातबारा, कुणाच्या लेकराचा जन्मदाखला, सगळं गॅलरीत पडलेलं असतं. बँकेतून नाहीतर पंचायतीतून निरोप येतो, "ताई, फोटो काढून पाठवा." आपण काढतो, पाठवतो, आणि फोटो तिथंच राहून जातो. माझ्या फोनमध्ये आमच्या गटातल्या सगळ्या बायांची कागदं अशीच होती. कर्ज देतो म्हणणाऱ्या एका ॲपनं ती उचलली आणि त्यांच्या जोरावर आम्हा सगळ्यांना छळलं.

मी औसा तालुक्यातली. शिवणकाम करते, गटाचा हिशेब ठेवते. जून महिना म्हणजे आमच्याकडे पैशाची सगळ्यात जास्त ओढाताण. सोयाबीनचं बियाणं, खत, मोगड्या-पाळ्यांचं ट्रॅक्टरभाडं, आणि त्यातच लातूरच्या क्लासचा फीचा हप्ता. गटाचं अंतर्गत कर्ज पेरणीसाठी आधीच वाटून झालं होतं. बँकेचं लिंकेजचं, म्हणजे गटाला बँकेकडून मिळणारं कर्ज मंजुरीत अडकलं होतं. फीला थोडेच पैसे कमी पडत होते. त्याच सुमारास फोनवर मेसेज आला: आधार आणि पॅनवर पाच मिनिटांत कर्ज, जामीनदार नको, कागद नको. खाली लिंक.

"घेतलंच कशाला?" असं मला पुष्कळांनी विचारलं. माझं उत्तर एकच आहे. कर्ज घेणं हा गुन्हा नाही. परत करायच्या बोलीनं घेतलं आणि परत केलंही. फसवणूक वेगळ्याच जागी होती. ती कुठं होती ते नीट सांगते, कारण तीच जागा कुणी दाखवत नाही.

लिंक प्ले स्टोअरची नव्हती. तिच्यावरून एक एपीके फाइल, म्हणजे स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल, उतरली आणि अनोळखी ठिकाणचं ॲप टाकायचं का असं फोननं विचारलं. त्याला होकार कसा द्यायचा हेही त्यांनी चित्रं काढून समजावलेलं होतं. गूगलनं 2023 मध्येच प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो मागायला बंदी केली आहे. म्हणून ही टोळी स्टोअरच्या बाहेरून, मेसेज आणि व्हॉट्सॲपवरून ॲप वाटते. शेतकरी सन्मान निधीच्या नावानं, वाहनाच्या दंडाच्या चलनाच्या नावानं, एवढंच काय, लग्नपत्रिकेच्या नावानंसुद्धा अशा एपीके फाइली आपल्या ग्रुपवर फिरतात.

ॲप उघडलं तसे एकामागून एक चौकोन यायला लागले. संपर्क पाहू द्यायचे का? फोटो आणि फाइल? एसएमएस? कॉलची यादी? लोकेशन? कॅमेरा? प्रत्येकाखाली 'अनुमती द्या' आणि 'अनुमती देऊ नका'. एका ठिकाणी जरी 'देऊ नका' दाबलं की ॲप बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अटींचं पान इंग्रजीत, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. 'मान्य आहे' या चौकटीत बरोबरची खूण त्यांनीच आधी करून ठेवलेली. हे सगळं कशाला हवंय, कुठं जाणार, किती दिवस ठेवणार, याचं अवाक्षर कुठं नव्हतं.

'अनुमती द्या' दाबल्यावर आत काय होतं ते प्रत्येकानं समजून घ्यावं. संपर्कांची अख्खी यादी त्यांच्या सर्व्हरवर कॉपी होते. नंतर ॲप काढून टाकलं, फोन रीसेट केला, तरी ती प्रत त्यांच्याजवळ राहते. बँकेचे एसएमएस वाचून खात्यात पैसे कधी येतात, मागे किती उरतात, अजून कुणाचं देणं आहे हे त्यांना दिसतं. कॉलच्या यादीवरून आपण सगळ्यात जास्त कुणाशी बोलतो हे कळतं. म्हणजे धमकवायची वेळ आली की पहिला फोन कुणाला लावायचा हे आधीच ठरलेलं. माझ्या बाबतीत पहिला फोन चाकणला कंपनीत असलेल्या भावाला गेला, दुसरा माहेरी आईला. त्यांनी ही दोनच नावं नेमकी कशी निवडली याचा आम्हाला तेव्हा उलगडाच होईना.

मंजूर झाले 5,000. खात्यात आले 3,150. उरलेले 1,850 प्रक्रिया शुल्क म्हणून आधीच कापलेले. मुदत 7 दिवसांची, आणि फेडायचे पूर्ण 5,000. हातात आलेल्या पैशावर हिशेब केला तर आठवड्याला शेकडा 58 रुपयांच्या वर जातं. आमच्या गटाचं व्याज महिन्याला शेकडा 2. गावातला सावकार शेकडा 5 सांगतो तेव्हा आपण त्याला रक्तपित्या म्हणतो, आणि तेही महिन्याचं असतं.

मुदत संपायच्या आधीच तगादा सुरू झाला. मी पूर्ण रक्कम त्यांनी दिलेल्या यूपीआय आयडीवर भरली. ॲपमध्ये मात्र 'थकीत' हा शब्द तसाच लाल. फोनवरचा माणूस म्हणाला, पैसे मिळालेच नाहीत, परत भरा. मग मुदतवाढीचे म्हणून मागितले, तेही दिले. दर वेळी आयडी वेगळा, कुठल्यातरी भलत्याच माणसाच्या नावाचा. तेव्हा ध्यानात आलं की ही वसुली कधी संपणारच नाही, आणि मी पैसे देणं थांबवलं.

त्यानंतर जे झालं ते सांगताना आजही राग आवरत नाही. रात्री गटातल्या एका बाईचा फोन आला, "अक्का, कुणीतरी हिंदीत लई घाण बोलू लालाय. तुम्ही आमचं नाव जामीन म्हणून दिलंय म्हणतोय. खरंय का?" मग दुसरीचा आला, तिसरीचा आला. व्हॉट्सॲपवर माझा फोटो, वर 'चोर' असं लिहिलेलं. त्याखाली आमच्या इतिवृत्ताच्या वहीचं पान: बायांची नावं, प्रत्येकीच्या बचतीचा आकडा, सह्या, अंगठे. ते पान मी बँकेत पाठवायला फोटो काढून ठेवलं होतं. गटाचे पैसे हिनं खाल्ले, असं त्या पानाच्या आधारानं त्यांनी गावभर पसरवलं. एका बाईला तर तिचंच आधार कार्ड पाठवून, तुझ्याही नावावर कर्ज टाकू अशी धमकी दिली. हळदी-कुंकवाच्या फोटोतून एका तरुण सुनेचा चेहरा कापून त्याचं काय केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमच्या गटात एक म्हातारी आहे. तिच्याकडे बटणाचा साधा फोन. तिनं जन्मात कधी ॲप टाकलेलं नाही, कुठं 'मान्य आहे' दाबलेलं नाही. तरी तिचं आधार, तिचा खाते क्रमांक, तिचा अंगठा आज कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या संगणकात आहे. तिला कुणी विचारलं होतं? मला विचारलं, असं ते म्हणतील. पण तिच्या वतीनं हो म्हणायचा अधिकार माझ्याकडे कुठून आला? एका बाईच्या बोटाखाली सगळ्या गटाची संमती घेतली, ही खरी फसवणूक. कापलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

कायदासुद्धा हेच म्हणतो. आमच्या गावातला एक पोरगा लातूरला वकिली शिकतो, त्यानं मला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मोबाइलवर उघडून दाखवला. त्यात लिहिलंय की संमती मोकळेपणानं दिलेली, नेमकी, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त आणि स्पष्ट असली पाहिजे, आणि ज्या कामासाठी घेतली त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती ती धरायची. आणि कायद्यातच एक उदाहरण आहे. घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपनं कॉन्टॅक्टची यादीही मागितली आणि बाईनं हो म्हटलं, तरी सल्ल्यासाठी त्या यादीची गरज नाही, म्हणून त्या यादीपुरती तिची संमती धरायची नाही. हे वाचल्यावर मला केवढा धीर आला सांगू! संमती मागताना मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. म्हणजे मराठीत मागायचा आपला हक्क आहे. या कायद्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यात 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर कितीजणी नागवल्या जातील देव जाणे.

कर्जाच्या ॲपबद्दल मात्र थांबायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेनं 2022 च्या सप्टेंबरातच बजावलंय की डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या फाइली, फोटो, संपर्क, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. ओळख पटवण्यापुरता कॅमेरा किंवा लोकेशन एकदा मागता येतं, तेही स्पष्ट विचारून. कर्जाचे पैसे थेट बँक किंवा वित्त कंपनीच्या खात्यातून आले पाहिजेत आणि फेडही थेट तिच्याच खात्यात झाली पाहिजे. वर्षाचा एकूण व्याजदर आधी लेखी दाखवला पाहिजे. वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. 2025 पासून अशा अधिकृत ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तेव्हा कर्जाचं ॲप तुमचे संपर्क मागतंय, एवढं दिसलं तरी ओळखा की हे टोळीचं काम आहे. पुढे एक बोटही हलवू नका.

आणि ज्यांना 'तुम्ही जामीनदार आहात' असे फोन येतात त्यांनी घाबरायचं कारणच नाही. कुणाच्या फोनमध्ये आपला नंबर आहे म्हणून कुणी जामीनदार होत नाही. त्यासाठी आपण स्वतः कबूल व्हावं लागतं.

यात अडकलात तर पैसे देऊन सुटका होईल या आशेवर राहू नका. ॲप घाईनं काढू नका. आधी ॲपचं नाव, धमक्यांचे मेसेज, आलेले नंबर, पैसे गेलेले यूपीआय आयडी या सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवा. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, कारण पुढच्या खात्यातून ते उचलले जायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकता येते, आणि बेकायदा कर्ज देणाऱ्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही करता येते. ठाण्यात जाताना एकटीनं जाऊ नका. आम्ही गटातल्या बाया मिळून गेलो. खंडणी, धमकी आणि फोटोची विटंबना, तिन्ही गोष्टी अर्जात वेगवेगळ्या लिहायला लावल्या. नाहीतर 'कर्जाचा वाद' म्हणून कागद बाजूला पडतो. मग सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपच्या सगळ्या परवानग्या काढा, ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीनवरचं बघायची, चालवायची मुभा) आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी कुठल्या ॲपकडे आहे ते बघा, यूपीआयचा पिन बदला. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. आमच्या गटातल्या प्रत्येकीचा आम्ही काढला, आपल्या नावावर भलतं कर्ज चढलंय का ते बघायला. आधारचं बायोमेट्रिकही, म्हणजे बोटांचे-डोळ्यांचे ठसे, लॉक करून घेतलं.

आता गटाचा ठराव झालाय. आधारची पूर्ण प्रत कुणाच्या फोनमध्ये ठेवायची नाही. जिथं चालतं तिथं फक्त शेवटचे 4 आकडे दिसणारं मास्क्ड आधारच द्यायचं. बँकेनं व्हॉट्सॲपवर कागद मागितला तर शाखेत नेऊन दाखवायचा, आणि पाठवावाच लागला तर काम झाल्यावर गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर गॅलरीतून आणि रिसायकल बिनमधूनही काढायचा. सीआरपी ताईंनी, म्हणजे गावोगावच्या गटांना मदत करणाऱ्या ताईंनी, हा ठराव आसपासच्या गावांतल्या गटांनाही वाचून दाखवला.

आमच्या तक्रारीचा तपास चालू आहे. गेलेले पैसे आलेले नाहीत, गेलेले फोटो तर परत येणार कसे. पण त्या तरुण सुनेचं घर मोडलं नाही, ते तिच्या जावेमुळे. तो घाणेरडा फोटो पहिल्यांदा जावेच्याच फोनवर आला होता. तिनं तो घरात कुणाला दाखवला नाही, पुढे पाठवला नाही. स्क्रीनशॉट काढून तसाच मला आणि पोलिसांना दिला, आणि संध्याकाळी नवरा-दीर दोघांना बसवून, हा कुठून आलाय हे आधी सांगितलं. तुमच्या फोनवर कुणा ओळखीच्या बाईबद्दल असलं काही आलं तर एवढंच करा: पुढे ढकलू नका, आणि सगळ्यात आधी तिलाच फोन लावा.