पगाराची नोंद: माणशी खातं की महिन्याला एकच व्हाउचर?

पगार एकूण रकमेने खर्ची टाकायचा, कपाती भरेपर्यंत देणं म्हणून दाखवायच्या, मालकाच्या वाट्याचं अंशदान (पीएफ वगैरेचं) वेगळा खर्च. इथवर दोन्हीकडे सारखंच. पुढे प्रश्न येतो तो असा: प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावाने खातं उघडायचं, की तपशील पगारपत्रकात ठेवून वहीत महिन्याअखेर एकच जर्नल व्हाउचर (रोख-बँकेशिवायची, खात्याखात्यांमधली नोंद) टाकायचं? मी दोन्ही वापरलंय.

माणशी खात्याची सोय नाकारता येत नाही. कोणी नोकरी सोडली, हिशोब मागितला, की खातं उघडलं आणि सांगितलं. माणसं दोन-तीनच असतील, पगार तुकड्यातुकड्यांनी दिला जात असेल, तर हेच बरं पडेल कदाचित.

मला नडली ती उचल. महिन्याच्या मध्यावर कोणी उचल घेतली की ती त्याच्याच खात्यात नावे (डेबिट) पडते आणि महिन्याअखेर त्याच खात्यात पगार जमा (क्रेडिट) होतो. मग खात्यावर दिसणारी शिल्लक म्हणजे द्यायचा पगार, की फिटायची राहिलेली उचल, की दोघांची वजाबाकी? प्रत्येक वेळी नोंदी उलगडत बसायचं. त्याहून वाईट प्रकार तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या यादीत. समजा सगळ्यांचा मिळून द्यायचा पगार 1,66,000 आहे आणि काहींकडे 22,000 उचल बाकी आहे. ही सगळी खाती एकाच गटात असली की गटाची बेरीज 1,44,000 दिसते. देणं कमी, येणं गायब. येणं आणि देणं परस्पर वजा करून दाखवणं ताळेबंदात चालत नाही, त्यामुळे वर्षाअखेर ते हाताने वेगळं काढावं लागतं. मला तरी दरवर्षी त्याचा कंटाळा यायचा.

एकाच व्हाउचरमध्ये हा गुंता होत नाही. पगार खर्च नावे 2,00,000. कपाती जमा 24,000. उचल वसुली जमा 10,000. देय पगार जमा 1,66,000. बँकेतून पैसे गेले की देय पगार शून्यावर यायला हवा. नाही आला, तर कोणाचं तरी ट्रान्सफर परत आलंय किंवा आकडा चुकलाय. उरलेली रक्कम पगारपत्रकातल्या निव्वळ रकमांशी ताडून बघितली की बहुतेक वेळा नाव लगेच सापडतं. शिवाय बिलं चढवणाऱ्याला सहकाऱ्यांचे पगार दिसत नाहीत. हा फायदा मी आधी धरलाच नव्हता.

अर्थात, यात पगारपत्रकावर भिस्त फार. नोंद टाकल्यावर कोणी एक्सेलमध्ये रजेचा दिवस बदलला, तर वही आणि पत्रक जुळणार नाही. म्हणून त्या महिन्याची पीडीएफ काढून व्हाउचरला जोडायची, आणि दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या पगारात करायची. आणि उचल मात्र मी आजही नावानिशीच ठेवतो, फक्त येण्याच्या बाजूला, वेगळ्या गटात. तेवढी माणशी खाती पुरतात.

बदल करायचाच असेल तर वर्षाच्या सुरुवातीला करा. आदल्या महिन्याचा पगार चुकता झाला, की कर्मचाऱ्यांच्या खात्यांवरच्या नावे बाक्या उचलीत न्या, जमा बाक्या देय पगारात, आणि जुनी खाती बंद करा. किरकोळ पैशांच्या बाक्या निघतीलच, त्या राउंडिंगला टाका.