प्रोबेशन फीची खिडकी आणि फुकटात दिसणारी यादी: टेक्सासमधला अनुभव, माझे ५ पैकी २ गुण

आधीच सांगतो, प्रोबेशनवर (म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर राहून कोर्टाच्या देखरेखीखाली) मी नाही. वेअरहाऊसमध्ये माझ्या शिफ्टला एकजण आहे, त्याच्याकडे गाडी नाही, म्हणून गेलं वर्षभर महिन्यातून एकदा मी त्याला काउंटीच्या प्रोबेशन ऑफिसला सोडतो आणि बाहेर बसून राहतो. त्याचं नाव सेक्स ऑफेंडरच्या, म्हणजे लैंगिक गुन्हेगारांच्या, सरकारी यादीत आहे, ती कुणालाही बघता येते. हे त्यानेच पहिल्या दिवशी गाडीत बसायच्या आधी सांगितलं, नंतर कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं म्हणाला. मला नऊ वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे दोन दिवस विचार केला आणि मग हो म्हटलं. म्हणजे मी काही त्याची वकिली करायला बसलेलो नाही.

तर खिडकी. खिडकी म्हणजे नावालाच, आता तिथे मशीन आहे. कॅश घेत नाही, कार्ड टाकलं की वरून चार्ज लावतं, म्हणून हा मनी ऑर्डर करून आणतो आणि ती डब्यात टाकायची. टेक्सासच्या कायद्यात महिन्याची सुपरव्हिजन फी २५ ते ६० डॉलरच्या मधे जज ठरवतो, याला पूर्ण ६० लावलेत, आणि ठरावीक लैंगिक गुन्ह्यांना महिन्याला अजून ५ डॉलर, म्हणजे ६५. मार्चमध्ये याने ६५ ची एकच मनी ऑर्डर टाकली, ती सगळीच्या सगळी कोर्ट कॉस्टच्या (खटल्याच्या खर्चाच्या) खात्यात जमा झाली आणि फी थकीत दाखवली. पावती थर्मल पेपरची, गाडीच्या डॅशबोर्डवर एक दुपार राहिली तर कोरी पडते. आता तो मशीनसमोर उभा असतानाच पावतीचा फोटो काढतो आणि मूळ कागद झिपच्या पिशवीत ठेवतो. वर्षभराच्या पावत्यांची ती पिशवी मी बघितलीय, अर्ध्या पावत्या कोऱ्या.

ऑफिसर बाई वाईट नाहीत, पण तो सांगतो की आत गेलं की पहिला प्रश्न पैसे भरले का हाच, नोकरी कशी चाललीय, कुठे राहतोस, ग्रुप थेरपीला जातोस का, हे सगळं त्याच्यानंतर. अहो ज्या बाईने याच्यावर लक्ष ठेवायचं तिलाच वसुलीला बसवलंय, मग लक्ष कशावर राहणार? नुसते पैसे नाहीत म्हणून प्रोबेशन रद्द करता येत नाही, जाणूनबुजून भरत नाही का हे कोर्टाला आधी बघावं लागतं, सुप्रीम कोर्टाने १९८३ च्या बेअर्डन केसमध्येच सांगून ठेवलंय. परवडत नसेल तर जज फी कमी किंवा माफही करू शकतो. पण हे तिथल्या भिंतीवर कुठेही लावलेलं नाही, भिंतीवर फक्त कार्ड चार्जचा बोर्ड आहे.

आता मुद्द्याचं. लंचला बसलो असताना एकजण म्हणाला, या लोकांची फी अजून वाढवा आणि त्यातूनच ती यादी चालवा ना, आपल्या टॅक्समधून कशाला. ऐकायला बरोबर वाटतं, मलाही वाटलं होतं, उलट मी तर धरून चाललो होतो की ते ५ डॉलर यादीलाच जात असणार. तसं नाहीये, ते सेक्शुअल असॉल्ट प्रोग्रॅम फंडात (लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कामाच्या सरकारी निधीत) जातात, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण यादीचं गणित बसत नाही. टेक्सासमध्ये फेलनीला (गंभीर गुन्ह्याला) प्रोबेशन सहसा जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि यादीत नाव बऱ्याच गुन्ह्यांना आयुष्यभर. अशा नोंदणीच्या २००६ च्या केंद्रीय कायद्यातही (अ‍ॅडम वॉल्श कायदा) तीन टप्पे आहेत, १५ वर्षं, २५ वर्षं आणि आयुष्यभर. म्हणजे माणूस फी भरणार दहा वर्षं आणि पोलिसांनी त्याचा पत्ता तपासत बसायचं पुढची तीस-चाळीस, तो खर्च कोण देणार? आणि जे जेल पूर्ण भोगून सुटले, प्रोबेशनवर कधी नव्हतेच, त्यांचीही नावं यादीत आहेत, त्यांच्याकडून प्रोबेशन फी घेणार कशी? इलिनॉय राज्याने निदान सरळ हिशोब ठेवलाय, नोंदणीचीच फी, पहिल्यांदा १०० डॉलर आणि मग दरवर्षी १००, गरीब असेल तर माफ करता येते. मला तेही फारसं पटत नाही, पण तिथे नाव यादीत आहे तोवर फी तरी चालू राहते.

आणि एक गंमत. २००३ मध्ये अलास्काच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नोंदणी ही शिक्षा नाही, लोकांच्या सुरक्षिततेसाठीची व्यवस्था आहे. बरं, शिक्षा नाही ना? मग बिल त्याच्या नावावर का फाडायचं? यादी वापरतो कोण, तर मी. घर भाड्याने घ्यायच्या आधी मी ड्रू शोडिन या खून झालेल्या विद्यार्थिनीच्या नावाची यादीची सरकारी साइट उघडून आजूबाजूचे सगळे पत्ते बघितले, सगळी राज्यं एकाच ठिकाणी शोधता येतात, एक पैसा लागला नाही. साइटला माझे ५ पैकी ४, एक कापला कारण मोबाइलवर नकाशा अडकतो. याच साइटवर मी आपल्या या माणसाचंही नाव टाकून बघितलं होतं, त्या दोन दिवसांत. त्याला सांगितलेलं नाही.

नोंदणीचं काम तो पोलीस स्टेशनला करतो, वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आसपास. फोटो, गाडी, फोन, नोकरी सगळं नव्याने. तिथली बाई सगळी माहिती एकेक करून विचारते आणि पैशाचं नाव काढत नाही, वीस मिनिटांत मोकळा. त्या टेबलाला माझे पूर्ण ५.

कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०२१ पासून प्रोबेशनची फीच काढून टाकली आणि तिथली यादी आजही चालू आहे.

कुणाला या मशीनवर जायची वेळ आली तर मनी ऑर्डर दोन वेगवेगळ्या करा, फीची एक आणि कोर्ट कॉस्टची एक, आणि केस नंबर दोन्हींवर स्वतः पेनाने लिहा. मार्चचे ६५ डॉलर बरोबर खात्यात यायला ऑगस्ट उजाडला.