हुरडा पार्टीत "यंदाची नवी मालदांडी" घेण्याआधी हे वाचा

जानेवारीच्या सुरुवातीला कुणी "यंदाची नवी मालदांडी, थेट मंगळवेढ्याच्या शेतातली" म्हणून पोतं पुढे केलं तर पैसे काढू नका. मालदांडी हा शालूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, एक वाण. आपल्याकडे शालूची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. दाणा पक्का व्हायला चारेक महिने लागतात आणि सुगी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. हुरड्याच्या दिवसांत कणसं हिरवी असतात, म्हणून तर हुरडा खायला मिळतो. मग त्याच वेळी पोत्यात भरलेली "नवी" ज्वारी कुठून आली?

आमचं महिला मंडळ सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधीच्या रविवारी मंगळवेढ्याच्या बाजूला एका शेतावर गेलं होतं. आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत शेंगाचटणी, दही, गूळ. खाण्यात काही म्हणजे काही कमी नव्हतं, ते श्रेय मी नाकारणार नाही. जेवणं आटोपली तेव्हा शेतमालकांनी एका माणसाची ओळख करून दिली. "हे शेजारच्याच शिवारातले, शेतकरीच आहेत." त्याचा टेम्पो बांधालाच उभा होता.

त्याने एका पोत्याची सुतळी सोडली आणि ओंजळभर ज्वारी आमच्या हातावर ठेवली. टपोरी, मोत्यासारखी चमकदार. खतं नाहीत, फवारणी नाही, "मानांकन मिळालेली" ज्वारी आहे, असं सांगत राहिला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरंच आहे. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडून त्याने बाकीचं सगळं खपवलं. भाव बाजारापेक्षा किलोमागे पंधरा रुपये जास्त. पोती आधीच शिवलेली, काटा नाही, पावती नाही. बसवाला हॉर्न वाजवत होता. आम्ही मिळून आठ पोती घेतली.

घरी सासूबाईंनी पोतं डब्यात रिकामं करायला घेतलं. वरची वीतभर ज्वारी अगदी दाखवली तशीच होती. त्याखालची मळकट पांढरी, दाणा बारीक, चमक नाही, आणि मधूनमधून टोकाला काळे पडलेले दाणे. त्यांनी चार दाणे चिमटीत धरले आणि म्हणाल्या, "अगं, ही पावसात भिजलेली हायब्रीड आहे." खरिपाची ज्वारी कणसात असताना परतीचा पाऊस लागला की दाणा असा काळवंडतो. त्यातले काही दाणे तर किडीने पोखरलेले होते, म्हणजे जुना मालही मिसळलेला. दळून आणलेलं ताजं पीठ महिनाभर पडून विरी, म्हणजे चिकटपणा, गेल्यासारखं वागत होतं. गोळा मळला तरी धरेना, थापताना भाकरीच्या कडा फाटत होत्या, आणि पापुद्रा तर सुटलाच नाही. इतर घरांतही हीच तऱ्हा. कुणी वजन केलं तर पोत्यामागे दोन-अडीच किलो कमीच भरलं.

फोन लावला, तर नंबर बंद. शेतमालक म्हणाले, "तो आमचा माणूस नाही, आम्ही फक्त थांबायला जागा दिली." ओळख करून देताना मात्र तो शेजारचा होता! नंतर मोबाईलवरचा व्यवहार उघडून पाहिला तेव्हा पैसे एका ट्रेडर्सच्या खात्यावर गेलेले दिसले.

मला राग पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा जास्त येतो. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडून माणसं जगवली, त्या मंगळवेढ्याच्या नावावर ही भेसळ विकली जाते. काळ्या रानात नुसत्या ओलीवर शालू पिकवणारा तिथला खरा शेतकरी यात नाहक बदनाम होतो.

मालदांडी हवीच असेल तर मार्चमध्ये मळणी झाल्यावर घ्या. पोतं डोळ्यांदेखत भरून घ्या. आधीच भरलेलं असेल तर पूर्ण ताडपत्रीवर ओतायला लावा किंवा तळातला नमुना काढायला सांगा. आडतीत पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी त्याचसाठी असते. वजन शिक्का असलेल्या काट्यावरच करा. "सेंद्रिय" म्हटलं की प्रमाणपत्र दाखवायला सांगा. आणि आधी एकच किलो आणून भाकरी करून बघा.

आम्ही ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, कमी वजनाबद्दल वैधमापन विभागाकडेही अर्ज देतो आहोत. या हंगामात त्या बाजूला आणखी कुणी असा माल घेतला असेल तर मोबाईलवरच्या व्यवहाराची नोंद पुसू नका आणि उरलेली ज्वारी पोत्यासकट तशीच ठेवा.