२७ किलोचा जुना अ‍ॅम्प आणि सकाळी सव्वानऊची घरघर

नाशिकच्या अंबडला माझं मोटार रिवायंडिंगचं वर्कशॉप आहे. विहिरीवरच्या मोटारी, द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजचे पंखे, कधी एखादा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर. दिवसभर तांब्याची तार आणि वार्निशचा वास. त्यामुळे हा अ‍ॅम्प्लिफायर मी कानानं नाही, हातानं घेतला. मखमलाबाद रोडच्या एका घरी जमिनीवर पडला होता, उचलून बघितला आणि कंबरेत कळ आली. २७ किलो. म्हटलं, आत काहीतरी आहे. ३४ हजारांत सौदा झाला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे त्याच्या दुखण्यांचं पुराण आहे, आणि तिशी उलटलेल्या यंत्राच्या दुखण्याचं खापर करणाऱ्यावर फोडण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यातला माल. पाच चॅनेल, ८ ओहमला प्रत्येकी १०० वॅट. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल थिएटरात आलं, मागोमाग ते घरात आणायची हौस आली, त्या काळातला हा. ना रिमोट, ना डिस्प्ले, ना आवाजाचं बटण. पुढे फक्त एक स्विच. एचडीएमआयशी त्याचा संबंधच नाही, म्हणून तो कालबाह्य होत नाही. माझा रिसीव्हर (टीव्ही, प्लेअर जोडायचा आणि आवाज कमी-जास्त करायचा डबा) दोनदा बदलून झाला, हा जागचा हलला नाही.

विकणारे काका म्हणाले, "मुलानं अमेरिकेहून आणलाय, २२० वर चालतो." मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं. मी तसाच घरी आणला आणि पहिल्यांदा प्लग नाही, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. झाकण काढलं आणि तो टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, बघून बरं वाटलं. वेढे घट्ट, वरचा टेप अजून पिवळा पडलेला नाही. प्रायमरीच्या, म्हणजे लाइनकडच्या बाजूच्या, चार तारा बाहेर आलेल्या, म्हणजे १२० च्या दोन वाइंडिंग. दोन्ही समांतर जोडलेल्या होत्या. आपल्याकडे त्या सिरीजमध्ये हव्यात, पण एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्याला. उलट जोडलं तर दोघी एकमेकींना मारतात आणि फ्यूज जातो. पट्टीवर ५०/६० हर्ट्झ होतं म्हणून निर्धास्त झालो. नुसत्या ६० हर्ट्झचा गाभा आपल्या ५० वर जास्त तापतो. प्रायमरीचा १० अँपिअरचा फ्यूज काढून ५ चा घातला.

मग सिरीज बोर्ड. १०० वॅटचा पिवळा बल्ब मध्ये घेऊन स्विच दिला. बल्ब झपकन पेटला आणि हळूहळू लालसर धुगधुगीवर आला. तसाच भक्क राहिला असता तर आत शॉर्ट. हा एक बल्ब जुन्या अ‍ॅम्पवाल्याकडे नसेल तर त्यानं या वाटेला जाऊ नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे. स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावला: पाचपैकी चार चॅनेलवर १० ते १५ मिलिव्होल्ट डीसी, चौथ्या क्रमांकाच्या चॅनेलवर ८४. ते काही बरं लक्षण नव्हतं. त्या बोर्डावर हीटसिंकला (गरमी बाहेर टाकणाऱ्या पात्यांना) खेटून बसलेल्या दोन कंडेन्सरांची डोकी फुगलेली. कंडेन्सरचं गणित सोपं आहे, दर दहा अंश गरमीला आयुष्य निम्मं. तिथं खेटून बसवणाऱ्याला मी मनात दोन शब्द बोललो.

लोखंड आणि तांबं म्हातारं होत नाही, कंडेन्सर होतो. म्हणून सगळेच बदलायचं ठरवलं. पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून लॅमिंग्टन रोड. एका दुकानातून १०,००० मायक्रोफॅरडचे चार मोठे घेतले, घरी मोजले तर ६,१०० भरले. वरचं प्लास्टिक नवं, आतला माल कुठला कोण जाणे. पुढच्या खेपेला मीटर खिशात घेऊन गेलो आणि दुकानदाराच्या काउंटरवरच मोजून घेतले. ट्रेनभाडं धरून दुरुस्तीला ७,४०० गेले. चौथा चॅनेल १३ मिलिव्होल्टवर आला.

घरातली एमसीबी दोनदा पडली. टोरॉइड सुरू होताना एक क्षण भरमसाट करंट खेचतो, साध्या बी टाइपला ते झेपत नाही. मी आत सॉफ्ट स्टार्टचा थर्मिस्टर घातला, विषय संपला.

आवाजाचं म्हणाल तर, हळू आवाजात रिसीव्हर आणि यात मला काडीचा फरक कळत नाही. जो कळतो म्हणतो त्याला नमस्कार. फरक मोठ्या आवाजात. रिसीव्हरच्या खोक्यावरचे १०० वॅट बहुतेक वेळा दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात, सगळे एकदम लावले की बिचारा धापा टाकतो. भाचा ढोल पथकात आहे. त्यानं सरावाचं नीट रेकॉर्डिंग करून दिलं. रिसीव्हरवर नाशिक ढोलाचा ठोका 'धप' येऊन विझतो, माझे पुढचे स्पीकर ४ ओहमचे, तेही कारण. याच्यावर ठोक्यामागची कातड्याची थरथर येते आणि शोकेसची काच वाजते. सिनेमापेक्षा गाण्यालाच मी तो जास्त लावतो, तेही दोनच चॅनेल. तानपुरा सुरू असताना मागे खरखर नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

पण घरघर होती. स्पीकरमधून नाही, डब्यातूनच. रोज सकाळी सव्वानऊला, सात-आठ मिनिटं. ट्रान्सफॉर्मरवाला असून मला आठवडा लागला. सैल बोल्ट आवळला, रबर घातलं. एका रविवारी ती साडेदहाला आली, तेव्हा ट्यूब पेटली: वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा हेअर ड्रायर. कमी गरमीवर त्यातला डायोड अर्धीच लहर घेतो, लाइनमध्ये थोडा डीसी शिरतो आणि टोरॉइडचा गाभा कण्हू लागतो. साध्या पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरला एवढं जाणवत नाही. वहिनींना काय सांगणार? दोन कंडेन्सर आणि डायोडच्या एका ब्रिजचा, तो डीसी अडवणारा डीसी ब्लॉकर करून डब्यात बसवला.

घ्यावा का? रिसीव्हरला मागे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी भोकं) नसतील तर विचारही करू नका. बंद कपाटात ठेवणार असाल तरीही नको, वर वीतभर मोकळी जागा हवी. जवळ विश्वासाचा मेकॅनिक असेल तर ४० हजारांपर्यंत जरूर घ्या, पण झाकण उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि उचलायला दोघं जा.

माझ्याकडे मधल्या चॅनेलचा रिले (स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्विच) थंडीत एक सेकंद उशिरा 'टक' करतो. संपर्क काळे पडले असणार. दिवाळीच्या सुट्टीत उघडेन.