विधान तर्कशास्त्र, आठ महिन्यांनंतर: माझं भांडण त्या बाणाशी होतं

सॉल्व्हरनं, म्हणजे दिलेल्या सगळ्या अटी एकदम पाळता येतात का हे शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं, ०.०० सेकंदांत ‘अनसॅट’ (नाही, पाळता येत नाहीत) असं उत्तर दिलं तेव्हा मी आधी सॉल्व्हरलाच दोष दिला. ४० परीक्षा, १५ स्लॉट, आणि ज्यांचे विद्यार्थी सामाईक आहेत असे दोन पेपर एका वेळी नकोत, एवढंच मागितलं होतं. हातानं बनवलेलं वेळापत्रक शेजारी ठेवलेलं होतं, म्हणजे उत्तर आहे हे मला पक्कं माहीत होतं. तीन संध्याकाळी गेल्या. सॉल्व्हर बदलला, अटी एकेक करून काढून पाहिल्या. शेवटी ६,१९० क्लॉजच्या (क्लॉज म्हणजे ‘किंवा’नं जोडलेली एक अट) फाइलमध्ये एक ओळ सापडली, तिच्यात नुसतं ‘०’ होतं.

सॉल्व्हरला द्यायच्या डायमॅक्स प्रकारच्या फाइलमध्ये प्रत्येक क्लॉज ० नं संपतो, हे वापरणाऱ्यांना माहीत आहे. एका परीक्षेची चालणाऱ्या स्लॉटची यादी चुकून रिकामी वाचली गेली होती. त्यामुळे ‘यांपैकी किमान एक स्लॉट’ या अटीत एकही स्लॉट उरला नाही, फक्त शेवटचं शून्य उरलं. रिकामा ‘किंवा’ असत्य असतो. सीएनएफमध्ये, म्हणजे सगळे क्लॉज ‘आणि’नं जोडलेल्या सूत्रात, एक क्लॉज असत्य ठरला की सगळं सूत्र गेलं. सॉल्व्हर बरोबर होता.

मला राग आला तो वेगळ्या कारणानं. याच चुकीची उलटी बाजू दोन महिन्यांपूर्वी माझ्याच कोडमध्ये निघाली होती. ‘सगळ्या मंजुरीदारांनी होकार दिला असेल तर अर्ज पुढे पाठव’ अशी तपासणी होती. एका अर्जाला मंजुरीदारच नेमलेले नव्हते, आणि तो सरळ पुढे गेला. रिकाम्या यादीवर ‘सगळे’ विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. तेव्हा मी हा प्रोग्रॅमिंग भाषेचा दोष मानला होता. तो दोष नव्हता. रिकामा ‘आणि’ सत्य, रिकामा ‘किंवा’ असत्य. जशी काहीच न मिळवलेली बेरीज ० आणि काहीच न गुणलेला गुणाकार १. ही दोन वाक्यं पहिल्या आठवड्यात कोणी सांगितली असती तर माझे कितीतरी तास वाचले असते. वेळ वाया गेलेला मला अजिबात सहन होत नाही, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

विधानं, दोन मूल्यं, पाच जोडण्या, डी मॉर्गनचे नियम हे सगळ्यांनी केलेलं असतं, त्यात शिरत नाही. मी ज्या अभ्यासक्रमातून शिकले त्यात सहा आठवडे सत्यता सारण्या भरायला लावल्या, म्हणजे विधानांच्या सत्य-असत्याच्या प्रत्येक शक्यतेला एक ओळ. तीन विधानांना ८ ओळी, पाचांना ३२. दहा विधानांना १,०२४ ओळी होतात हे फळ्यावर लिहिलं, आणि पुढच्या तासाला पुन्हा चार विधानांची सारणी भरायला दिली. माझ्या वेळापत्रकात ६०० व्हेरिएबल, म्हणजे ‘ही परीक्षा या स्लॉटला’ अशी ६०० विधानं, आहेत. त्याची सारणी लिहायची तर ओळींची संख्याच १८१ अंकी होते. ही पद्धत कुठे संपते आणि तिच्या जागी काय वापरायचं हे शिकवलंच नाही, याची तक्रार आठ महिन्यांनंतरही कायम आहे.

पण खरा सल वेगळा होता: तो बाण. ‘क → ख’, म्हणजे ‘क असेल तर ख’, या सारणीच्या खालच्या दोन ओळी. क असत्य असेल तर ख काहीही असो, सगळं विधान सत्य. का, असं विचारलं तर ‘व्याख्या तशी आहे’ एवढंच उत्तर मिळालं. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, आणि मनातून कधीच मान्य केलं नाही. पहिल्या महिन्यात मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ‘आणि’, ‘किंवा’, नकार घ्या आणि बाण सोडून द्या.

पाचव्या महिन्यात मत बदललं. एका साध्या वाक्यावर अडले होते: ‘क आणि ख असेल, तर क’. हे नेहमीच खरं असायला हवं, यावर कोणाचा वाद नसेल. आता किमती घालून पाहा. दोन्ही सत्य असतील तर सत्य → सत्य. क सत्य आणि ख असत्य असेल तर डावीकडे असत्य, उजवीकडे सत्य. क असत्य असेल तर दोन्हीकडे असत्य. म्हणजे हे एक वाक्य नेहमी खरं ठेवायचं असेल तर खालच्या दोन्ही ओळी सत्य ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

तेवढ्यावर समाधान झालं नाही, म्हणून त्या दोन ओळी बदलून काय होतं तेही पाहिलं. दोन्ही असत्य केल्या तर बाण म्हणजे निव्वळ ‘आणि’ होतो. असत्य → सत्य एवढी एकच ओळ असत्य केली तर तो दुहेरी बाण (दोन्हींची किंमत सारखी असेल तरच सत्य) होतो. असत्य → असत्य एवढीच असत्य केली तर उरतो नुसता ख, क चा काही संबंधच राहत नाही. चारांपैकी तीन पर्याय आधीच दुसऱ्यांच्या नावावर आहेत. ‘तर’ साठी एकच जागा शिल्लक आहे, आणि बाण नेमका तिथे बसतो. हे कागदावर उतरवायला दहा मिनिटं लागली. त्या संध्याकाळी मला झालेला आनंद आजही आठवतो.

त्यानंतर कोडमधल्या अटींकडे बघण्याची नजर बदलली. ‘लॉगिन झालं असेल तर पासवर्ड जुळलेला असला पाहिजे’ ही अट, ज्यानं लॉगिनच केलेलं नाही त्याच्या बाबतीत मोडत नाही. अट मोडण्याची एकच परिस्थिती आहे: लॉगिन झालंय आणि पासवर्ड जुळलेला नाही. टेस्ट लिहिताना मी आता आधी ती एक परिस्थिती शोधते. बाण म्हणजे ‘क नाही, किंवा ख’. एवढं धरून ठेवलं की रिकाम्या यादीचं कोडंही सुटतं: एकही मंजुरीदार नाही, म्हणजे नकार देणारा एकही सापडत नाही, म्हणून अट मोडलेली नाही. माझी तपासणी तर्काला धरूनच होती. ‘किमान एक मंजुरीदार आहे’ ही दुसरी अट मी लिहिली नव्हती.

यात अडखळणारी मी एकटी नाही. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये चार पत्त्यांचं कोडं मांडलं: ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते’ हे तपासायला कोणते पत्ते उलटायचे? समोर एक स्वर, एक व्यंजन, एक सम आणि एक विषम संख्या. बहुतेक लोक स्वर आणि सम संख्या उलटतात. उलटायला हवेत स्वर आणि विषम संख्या, कारण नियम मोडू शकतो तो तिथेच. शिकवणाऱ्यांनी सारणीच्या आधी हे कोडं द्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सगळ्यात सुखद धक्का मिळाला तो सीएनएफमध्ये. एक सूत्र त्या रूपात आणायचं होतं: वीस जोड्या, प्रत्येकीत ‘आणि’, जोड्यांच्या मध्ये ‘किंवा’. वितरणाच्या नियमानं हे उलगडलं तर १०,४८,५७६ क्लॉज होतात. माझा प्रोग्रॅम मेमरी खात बसला आणि मी तो बंद केला. मग त्सेइतिन या गणितज्ञाची युक्ती मिळाली, १९६० च्या दशकातली. प्रत्येक जोडीला एक नवं नाव द्यायचं आणि ‘हे नाव म्हणजे ही जोडी’ हे तीन छोट्या क्लॉजमध्ये सांगायचं. वीस नावं, ६० क्लॉज, वर एक लांब ‘किंवा’. एकूण ६१. दहा लाखांवरून एकसष्टावर! काटकसरीची इतकी सुंदर गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. एक सावधगिरी: नवं सूत्र जुन्याशी समतुल्य नसतं, कारण त्यात जास्तीची नावं आलेली असतात. फक्त एक सोडवता येत असेल तर दुसरंही येतं, एवढीच हमी आहे. बहुतेक कामांना ती पुरते.

सॉल्व्हरबद्दल थोडक्यात. स्टीफन कुक या संगणकशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं की सॅट (दिलेलं सूत्र सत्य करता येतं का) हा एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे, म्हणजे सगळ्या सूत्रांवर झपाट्यानं चालेल अशी पद्धत कोणाकडे नाही. तरीही डेटा दुरुस्त केल्यावर माझी ६,१९० क्लॉजची फाइल सेकंदाच्या आत सुटली.

दोन गोष्टी अजून खटकतात. तर्कशास्त्रात ‘क आणि ख’ व ‘ख आणि क’ एकच; कोडमध्ये नाही. ‘वस्तू अस्तित्वात आहे आणि तिची किंमत धन आहे’ हे उलटं लिहिलं तर वस्तू नसताना प्रोग्रॅम कोसळतो, कारण डावी बाजू आधी तपासली जाते. हा फरक शिकवताना मोठ्यानं सांगायला हवा. दुसरी गोष्ट, विधान तर्कशास्त्रात ‘प्रत्येक’ हा शब्द नाही. ‘प्रत्येक परीक्षेला जास्तीत जास्त एक स्लॉट’ हे एक वाक्य मला ४,२०० क्लॉजमध्ये सांगावं लागलं, दर परीक्षेमागे १०५. ते प्रोग्रॅमनं लिहिले, पण मी वाचायला गेले तेव्हा डोळे दुखले.

आता फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पहिली तपासणी हीच आहे: क्लॉज रिकामा निघाला तर थांब आणि कोणत्या परीक्षेचा ते छाप. गेल्या आठवड्यात तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा डेटा चुकला होता, आणि दोन्ही वेळा दुरुस्ती पाच मिनिटांत झाली.