परतीचे पाकीट : शाळेच्या बागेतून चालणाऱ्या बियाणे केंद्राविषयी

लहान गावातील एका शाळेच्या मागच्या खोलीत भरणारे बियाणे देवघेव केंद्र मी गेले तीन हंगाम वापरत आहे. वाचनालयातून पुस्तक न्यावे तसे येथून बियाणे न्यायचे, आपल्या परसात लावायचे आणि पीक निघाल्यावर त्यातलेच थोडे बी परत आणून द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. तिला शुल्क नाही. एका वेळी तीन पाकिटे मिळतात, खोली आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर उघडते आणि नोंदवहीत नावे लिहिण्याचे काम वरच्या वर्गातील मुले आळीपाळीने करतात. खोलीच्या मागच्या दाराबाहेर शाळेची बाग आहे. केंद्रातील बराचसा साठा तिथेच तयार होतो. अशा केंद्रांचे कौतुक बहुतेक वेळा त्यांनी किती पाकिटे वाटली यावरून होते. मला तो हिशेब अपुरा वाटतो, कारण पाकीट देणे हे या सेवेतले सर्वांत सोपे काम आहे. परत आलेल्या पाकिटात नेमके काय आहे हे केंद्राला कितपत ठाऊक असते, यावर या सेवेची खरी किंमत ठरते, आणि हा आढावा मी त्याच बाजूने लिहीत आहे.

बियाणे घेण्याचा अनुभव चांगला आहे, हे आधी सांगून टाकतो. मुले घाई करत नाहीत, जागा किती आणि ऊन किती हे विचारतात आणि नवख्या माणसाला मक्याऐवजी श्रावणघेवडा सुचवतात. पहिल्या हंगामात मी नेलेल्या श्रावणघेवड्याच्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, तेव्हा त्यांतल्या नऊ मोडावल्या. त्याच दिवशी नेलेल्या कांद्याच्या दहा बियांपैकी मात्र एकच उगवली. हा काही केंद्राचा निष्काळजीपणा नव्हे, निदान पूर्णपणे नव्हे. कांद्याचे बी मुळातच अल्पायुषी असते. साध्या साठवणीत ते वर्षा-दोन वर्षांत दम सोडते, तर टोमॅटोचे बी चार-पाच वर्षे सहज टिकते. दोष इतकाच, की पाकिटावर पिकाचे नाव होते आणि बी धरल्याचे वर्ष नव्हते. वर्ष लिहिलेले असते तर मी दुप्पट बी पेरले असते, किंवा नेलेच नसते.

साठवणीची खोली पत्र्याच्या छताखाली आहे, आणि ही माझी जुनी तक्रार आहे. बियाण्याला अंधार, कोरडेपणा आणि गारवा लागतो. जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा नियम असा, की बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान सुमारे ५ अंश सेल्सियसने उतरले, तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. या नियमाला दोन्ही टोकांना मर्यादा आहेत, पण शाळेच्या कपाटासाठी तो पुरेसा आहे. हाच नियम उलटा लावला, की उन्हाळाभर तापणाऱ्या त्या खोलीत काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या हंगामात कपाट आतल्या भिंतीकडे सरकवले गेले आणि कागदी पाकिटे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत आली, ही सुधारणा नोंदवायलाच हवी. बियाण्याच्या चिवटपणाबद्दल मुलांना कुतूहल असेल, तर त्यांना विल्यम बील यांच्या बाटल्यांची हकिकत सांगावी. या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८७९ मध्ये तणांच्या बिया भरलेल्या २० बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यांतली एक २०२१ मध्ये उकरली, तेव्हाही काही बिया उगवल्या आणि शेवटची बाटली २१०० मध्ये काढायची आहे. अर्थात ती तणे होती. कांदा इतकी वाट पाहत नाही.

आता परतीकडे वळतो. नोंदवही कोणालाही चाळता येते, हा या केंद्राचा मोठा गुण आहे. मी ती चाळली, तेव्हा ‘दिले’ हा रकाना पानेच्या पाने भरलेला दिसला आणि ‘परत आले’ हा रकाना अधूनमधूनच. लोक अप्रामाणिक आहेत असे मला वाटत नाही. शेंगा कोवळ्या असतानाच घरात संपतात, बियाण्यासाठी चार झाडे राखायची राहून जातात आणि ज्यांनी राखलेली असतात त्यांना आपले बी देण्याजोगे आहे की नाही याची खात्री नसते. हा संकोच रास्तही आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कृषी खात्याने एका सार्वजनिक वाचनालयाच्या बियाणे योजनेवर बियाणे कायद्याच्या आधारे हरकत घेतली होती. लोकांनी घरी धरलेल्या, तपासणी न झालेल्या बियाण्याचा वाण आणि उगवण यांची हमी कोण देणार, असा तो प्रश्न होता. पुढे २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा विनामूल्य देवघेवीला तपासणीच्या जाचक अटींतून सूट देणारा कायदा केला. खात्याने मोठ्या कंपन्यांसाठीचे नियम एका छोट्या वाचनालयाला लावले, हे हास्यास्पद होतेच. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न मला खोटा वाटत नाही, कारण त्याचे उत्तर न मिळाल्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे.

दुसऱ्या हंगामात मी भोपळ्याचे एक पाकीट नेले. ते शाळेच्या बागेतले नव्हते, कोणा सभासदाने परत केलेले होते आणि त्यावर फक्त ‘भोपळा’ असे लिहिले होते. वेल जोमाने वाढले. फळे धरली तेव्हा एका वेलावर गोल आणि दुसऱ्यावर मानेसारखी लांबट फळे दिसू लागली, आणि त्या लांबट फळाचा कच्चा तुकडा जिभेला लावताच मी थुंकून टाकला, इतका तो कडू होता. भोपळ्याच्या कुळात नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात आणि पराग नेण्याचे काम मधमाश्या करतात, त्यामुळे एकाच प्रजातीतले दोन वाण जवळपास असले की त्यांचा संकर ठरलेला. आसपास कोणी शोभेचे छोटे भोपळे लावलेले असावेत. गंमत अशी, की संकर झालेल्या वर्षी फळात काहीच फरक दिसत नाही. तो दिसतो त्या फळाच्या बियांतून उगवलेल्या पुढच्या पिढीत. म्हणजे ज्याने बी परत केले त्याने चांगले भोपळे खाल्ले असणार, आणि चांगल्या मनानेच बी दिले असणार. शोभेच्या जातींतून उतरणारा हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, शिजवल्याने तो जात नाही, आणि असे फळ खाल्ल्यास उलट्या व जुलाब होऊ शकतात. ज्या केंद्रात मुले बियाणे हाताळतात आणि घरी नेतात, तिथे पाकिटावरची ही त्रुटी मी किरकोळ मानत नाही.

तक्रार केल्यावर काय झाले, हेही सांगितले पाहिजे. केंद्र सांभाळणाऱ्या बाईंनी सबब सांगितली नाही. ते पाकीट ज्या तिघांना दिले गेले होते त्यांची नावे नोंदवहीतून काढून मुलांना त्यांच्या घरी धाडले आणि उरलेले बी बाजूला केले. पैसे घेऊन बियाणे विकणाऱ्याकडूनही मला असा पाठपुरावा क्वचितच मिळाला आहे. यानंतर बाग आणि केंद्र यांचा सांधा बदलला, आणि मला या सगळ्या सेवेत सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग.

शाळेची बाग आणि बियाण्याची बाग या दोन गोष्टींचा खरे तर मेळ बसत नाही. शाळेला बाग हिरवी हवी असते. पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात आणि वाफे टवटवीत दिसावे लागतात. बियाणे धरायचे तर बाग कुरूप होऊ द्यावी लागते. काकडी पिवळी पडून वेलावरच लोळली पाहिजे, वांगी रंग उडून निबर झाली पाहिजेत, भेंडी वाळून तडकायला आली पाहिजे आणि श्रावणघेवड्याच्या शेंगा हलवल्यावर खुळखुळल्या पाहिजेत. खाण्यासाठी लावलेला श्रावणघेवडा दोनेक महिन्यांत तोडायला येतो. बियाण्यासाठी तोच तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ जागा अडवतो, आणि नेमकी त्याच सुमारास शाळेला मोठी सुट्टी लागते. पहिल्या वर्षी सुट्टीआधी ‘स्वच्छता’ म्हणून वाळायला आलेले सगळे वाफे उपटले गेले होते, असे मुलांनीच मला सांगितले. आता बियाण्याच्या झाडांना लाल दोरा बांधलेला असतो. त्या झाडाची शेंग तोडायची नाही, पाहुण्यांना दाखवायलासुद्धा नाही, असा नियम आहे, आणि सुट्टीत पाणी घालण्याची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या घरांनी वाटून घेतली आहे. दोरा सगळ्यांत आधी वाढलेल्या आणि निरोगी झाडाला बांधायचा, उरल्यासुरल्या झाडाला नाही, ही गोष्ट मुले मोठ्यांपेक्षा नीट पाळतात. आपण घरी नेमके उलटे करतो, चांगले ते खातो आणि हंगामाच्या शेवटी झाडावर जे राहून गेले त्याचे बी धरतो.

भोपळावर्गीय पिकांचे बी आता फक्त शाळेच्या बागेत आणि हाताने परागीभवन करूनच धरले जाते. उद्या उमलणारी नर आणि मादी फुले आदल्या संध्याकाळी हेरून त्यांची तोंडे चिकटपट्टीने बंद करायची, सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाला लावायचा, ते फूल पुन्हा बंद करायचे आणि देठाला खुणेची दोरी बांधायची. मादी फूल ओळखायला सोपे, त्याच्या बुडाशी इवलेसे फळ आधीच असते. मी एका सकाळी हे काम पाहायला थांबलो होतो. सहावीतली एक मुलगी दोन फुले धरून ज्या गांभीर्याने उभी होती, ते पाहता पाठ्यपुस्तकातले परागीभवन तिला पुन्हा शिकवावे लागेल असे वाटत नाही. टोमॅटोचे बी ती मुले गरासकट दोन-तीन दिवस आंबवतात, म्हणजे बियांभोवतीचे उगवण रोखणारे बुळबुळीत आवरण सुटते आणि भरदार बिया तळाशी बसतात. त्या दिवसांत खोलीत थांबणे कठीण होते, हा इशारा देऊन ठेवतो.

काही उणिवा अजून आहेत. मक्याचे बी केंद्राने ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मक्याचा पराग वाऱ्यावर दूर जातो, आणि बियाणे सशक्त राहायचे तर शंभरहून अधिक झाडांतून ते धरावे लागते. दहा-बारा झाडांच्या वाफ्यातून धरलेले बी दोन-तीन पिढ्यांत खुरटते. मिरचीच्या पाकिटांवर सावधानतेची सूचना हवी, कारण मधमाश्या तिखट आणि बिनतिखट वाणांत भेद करत नाहीत. चवळी आणि वालात भुंगा दिसतोच. त्याची अंडी शेतातूनच येतात, तेव्हा चांगले वाळवलेले बी बंद डब्यात घालून काही दिवस अतिथंड कप्प्यात ठेवण्याची सोय केंद्राने कुठेतरी करून घ्यावी. बी नीट वाळलेले नसेल तर मात्र हा उपाय त्यालाच मारतो. आणि संकरित वाणाचे बी परत घेऊ नये. मागच्या हंगामात कोणीतरी दिलेल्या अशा टोमॅटोतून एकाच वाफ्यात तीन तऱ्हेची फळे आली होती. संकरित वाणाची पुढची पिढी एकसारखी येत नाही, त्यामुळे यात नवल काही नाही.

या साऱ्यात केंद्राला लाजिरवाणे असे काही आहे, असे मी मानत नाही. परतीचा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडतो. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार या नॉर्वेच्या बेटसमूहावर २००८ मध्ये उघडलेल्या जागतिक बीजकोठारातून पहिल्यांदा बियाणे बाहेर काढावे लागले ते २०१५ मध्ये, सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळचा संग्रह वापरता येईनासा झाला तेव्हा. ज्या संशोधन संस्थेने ते काढले तिने दुसऱ्या देशांत ते लावून वाढवले आणि २०१७ मध्ये नवे बी पुन्हा कोठारात आणून ठेवले. त्या देवघेवीत आणि शाळेच्या कपाटात फरक आहे तो मुख्यतः नोंदींचा. तिथे प्रत्येक नमुना कुठला आणि केव्हाचा हे लिहिलेले असते.

ज्यांना हे केंद्र वापरायचे आहे त्यांनी श्रावणघेवडा आणि टोमॅटो यांपासून सुरुवात करावी. श्रावणघेवड्याचे फूल पुरते उमलण्याआधीच त्यातले परागीभवन बहुधा उरकलेले असते आणि टोमॅटोही बहुतांशी स्वतःवरच फळतो, त्यामुळे यांचे बी शुद्ध राखायला वेगळी विद्या लागत नाही. भोपळा, काकडी, दोडका यांची फक्त लाल दोऱ्याची खूण असलेली पाकिटे घ्यावीत. पालेभाज्या घ्याव्यात, पण परतीचे वचन देऊ नये. कांदा घ्यायचा असेल तर आधी वर्ष पाहावे.

मी स्वतः मागच्या आठवड्यात श्रावणघेवड्याचे बी परत केले, नेले होते त्याच्या चौपट. पाकिटावर पिकाचे नाव, वर्ष, किती झाडांतून धरले आणि शेजारी दुसरा वाण होता की नाही, हे चारही रकाने भरले होते. नोंदवहीवर बसलेल्या मुलाने ते वाचले, बरणीतून दहा बिया मोजून काढल्या, फडके ओले केले आणि म्हणाला, “काका, आठ दिवसांनी या. उगवण बघूनच ‘परत आले’मध्ये लिहितो.”