डायल म्हणतोय १८०, आत २२० च्या वर: नवीन ओटीजीचा खरा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सुटतील. मशीन वाईट नाही, पण डायलवर काडीचा विश्वास ठेवू नका, आणि कंपनीचा माणूस येऊन "सगळे ओव्हन असेच असतात मॅडम" म्हणाला तर लगेच सही करून मोकळं होऊ नका.

तर दिवाळीच्या आधी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून ३० लिटरचा ओटीजी, म्हणजे ओव्हन, टोस्टर, ग्रिल एकातच असलेला, घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही कारण या किमतीतल्या बऱ्याच मशीनची तीच गत आहे असं आता माझं मत झालंय. साडेआठ हजाराच्या आत बसला, १६०० वॅट, वर खाली रॉड, आत फॅन, शिवाय चिकन फिरवायचा तो दांडा. दिसायला एक नंबर, काळा, काचेचं दार, जाऊबाई पण बघून खूश.

घेतला कशाला तर नानकटाईसाठी. कोल्हापुरात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना माहीत आहे, दिवाळीच्या तोंडावर मैदा तूप साखर घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा, आपला डबा दुसऱ्याच्या डब्यात मिसळत नाही ना म्हणून तिथंच उभं राहायचं. यंदा म्हटलं घरीच करूया.

पहिला घाणा खालून काळा आणि मधे कच्चा. दुसरा बरा म्हणायचा. तिसरा घाणा पंचवीस मिनिटं ठेवला तरी पांढराफटक. सेटिंग तेच १८०, पीठ तेच, ट्रे तोच, रॅक तोच. नुसतं जास्त तापत असतं तर समजू शकते, टेंपरेचर कमी करून भागवलं असतं, पण आधी जास्त आणि नंतर कमी हा काय प्रकार?

दुकानात फोन केला तर मालक म्हणाले, "ताई, नवीन नवीन सगळ्यांचं असंच होतंय, हात बसू दे जरा." आता पीठ सासूबाईंनी मळलेलं, त्यांचा हात माझ्या जन्माआधीच बसलाय. पण माणूस तोंडानं गोड, कंपनीचा कम्प्लेंट नंबर लगेच व्हॉट्सॲप केला, ते मान्य.

कंपनीचा माणूस यायच्या आधी घरातल्या घरात तपासलं. कुणाचा ओव्हन असाच त्रास देत असेल तर हे करून बघा, फुकट आहे. साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते. फॉइलची छोटी वाटी करायची, चमचाभर कोरडी साखर घालायची, ओव्हन चांगला गरम झाल्यावर १७५ ला पंधरा मिनिटं ठेवायची. डायल बरोबर असेल तर साखर तशीच पांढरी राहते. मग दुसरी वाटी १९० ला ठेवायची, ती वितळायला पाहिजे. लई वेळ मात्र ठेवू नका, कारण कमी डिग्रीला पण तासभर ठेवली तर साखर रंग बदलायला लागते आणि मग काहीच कळत नाही. माझ्याकडे १७५ लाच पाणी झालं, कडेनं तांबूस पण झाली. एवढे साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात राहून साखरेचा हा उपयोग पहिल्यांदाच केला.

दुसरी टेस्ट ब्रेडची. मिसळीसाठी आणलेल्या स्लाइस ट्रेभर मांडल्या, एकाला एक चिकटून, आणि पाच सात मिनिटांनी बाहेर काढल्या. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या दोन करपल्या, दाराजवळच्या नुसत्या कोमट. म्हणजे टेंपरेचर चुकीचं ते वेगळं आणि आत सगळीकडे सारखं नाही ते वेगळं. दोन्ही रोग वेगळे आहेत, औषध पण वेगळं.

मग आला टेक्निशियन. पोरगा नम्र होता, उगाच त्याला बोलणार नाही. पण त्यानं काय केलं बघा. बॅगेतून टेंपरेचरची गन काढली, दार बंदच, काचेतून आतल्या ट्रेवर लाल ठिपका मारला, आकडा आला ११२, आणि मला म्हणतोय "बघा मॅडम, उलट कमीच तापतोय." आमचे धाकटे भाऊजी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, १४०० डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओतणारी माणसं, ते नेमके त्या दिवशी घरी. ते हसायलाच लागले. म्हणाले, "वहिनी, हा काचेचं टेंपरेचर घेतोय." खरंच आहे, लाल ठिपका काचेतून आत जातो पण गन मोजते ती काचेचीच उष्णता. पोरानं दार उघडून ट्रेवर मारलं तर आकडा अजूनच भलता, कारण ॲल्युमिनियमसारख्या चकचकीत पत्र्यावर ती गन कमीच दाखवते, आणि दार उघडल्यावर आतली हवा तर कधीच पळालेली.

मग पोरानं शेवटचं अस्त्र काढलं, व्होल्टेज. तुमच्या एरियात व्होल्टेज वरखाली होतं म्हणे. हे अर्धं खरं आहे. २३० च्या जागी २०० आलं तर रॉडची ताकद जवळपास पाव भागानं कमी होते, १६०० वॅटचा रॉड १२०० वर येतो, पण त्यानं ओव्हन तापायला वेळ जास्त लागेल. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या डिग्रीला रॉड बंद करणारा पार्ट, कुठं कट होतो ते व्होल्टेजवर ठरत नाही, आणि कमी व्होल्टेजनं नानकटाई जळते कशी ते त्यालाच सांगता येईना. फॉर्मवर "मशीन ओके" लिहून सही मागत होता, मी दिली नाही. सही दिली असती तर कम्प्लेंट तिथंच बंद.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कारखान्यातनं थर्मोकपलवाला मीटर आणला, म्हणजे वायरीच्या टोकाशी जेवढी उष्णता तेवढा आकडा दाखवणारा, वायर केसाहून जरा जाड. वायरीचं टोक ओव्हनच्या बरोबर मधे, रॅकला कुठं चिकटणार नाही असं लटकवलं, दाराच्या फटीतून वायर बाहेर, दार नीट बंद. डायल १८० वर. मोबाईल समोर ठेवून व्हिडिओ चालू, फ्रेममधे डायल पण दिसतोय आणि मीटर पण. आकडा चढत चढत २२८ ला गेला तेव्हा कुठं आतून टिक असा आवाज आला आणि लाल लाइट गेली. मग १९० पर्यंत उतरला, परत रॉड पेटला, परत २१५. अर्ध्या तासानं १८५ ते २१५ मधे झोके. तासाभरानं तोच ओव्हन, तोच डायल, आणि आकडा १६५ ते १८५!

तिथं नानकटाईच्या तिन्ही घाण्यांचा हिशोब लागला. भाऊजींनी समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. या स्वस्त ओटीजीत थर्मोस्टॅट म्हणजे दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी, तापली की वाकते आणि करंट तोडते. ती पट्टी बऱ्याच मशीनमधे ओव्हनच्या आत नसतेच, बाजूच्या पॅनलमधे डायलच्या मागे बसवलेली असते आणि पत्र्यातून येणाऱ्या धगीवर अंदाज घेते. सुरुवातीला आत भट्टी पेटलेली पण पॅनल गारच, म्हणून पट्टीला पत्ताच नाही, रॉड चालूच, पहिला घाणा खलास. तासाभरानं पॅनलच एवढं तापतं की पट्टी लवकर वाकते, रॉड लवकर बंद, तिसरा घाणा पांढरा. महाग ओव्हनमधे बारीक नळीचा सेन्सर थेट आतल्या हवेत असतो, तिथं हा खेळ कमी.

आणि वरखाली थोडं होणारच, ते सगळ्याच ओव्हनमधे होतं, रॉड चालू बंद होतच टेंपरेचर धरलं जातं. दहा पंधरा डिग्री इकडे तिकडे कुणीही चालवून घेईल. तक्रार त्याची नाही. पहिल्या फेरीत पन्नास डिग्री वर जाणं ह्याला असेच असतात म्हणायचं नाही.

व्हिडिओ कम्प्लेंट नंबरवर पाठवला. दोन दिवस शांतता. मग फोन करून इतकंच विचारलं की हा व्हिडिओ जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, टाकू का, तर समोरच्या बाईंचा आवाजच बदलला, "मॅम आपण पार्ट बदलून देतो ना." ह्या वेळी दुसरा माणूस आला, वयानं मोठा, त्यानं व्हिडिओ नीट पाहिला, काही वाद न घालता वॉरंटीत थर्मोस्टॅट बदलला आणि वर डायल काढून आतल्या दांड्यातला बारीक स्क्रू फिरवून सेटिंग पण करून दिलं. हा स्क्रू बऱ्याच मॉडेलमधे असतो पण वॉरंटी चालू असताना स्वतः उचकापाचक करू नका, वॉरंटी जाईल ते जाईल, करंटचा मामला आहे.

आता १८० ला १७२ ते १९८ मधे असतो. पहिला झटका अजून आहे पण २०५ च्या पुढं जात नाही. मला चालतंय. मात्र मॅन्युअलमधलं "दहा मिनिटं प्रीहीट" विसरा, ओव्हनची लाल लाइट पहिल्यांदा गेली म्हणजे ओव्हन तयार असं अजिबात नाही, उलट तेव्हाच आत सगळ्यात जास्त असतं. लाइट दोन तीनदा जाऊन येऊ दे, वीस मिनिटं धरा. नानकटाईला खालच्या रॅकवर एक रिकामा ट्रे ठेवते, खालच्या रॉडची थेट धग अडते आणि बूड जळत नाही. मधे एकदा ट्रे फिरवते, कारण तो मागचा डावा कोपरा थर्मोस्टॅट बदलून सुधारला नाही आणि सुधारणार पण नाही. लागोपाठ घाणे असतील तर तिसऱ्याला डायल दहानं वाढवते. दिवाळीनंतर सासूबाईंनी परत घातली तेव्हा सगळे घाणे एका रंगाचे निघाले, त्यांनी एक खाऊन "बेकरीची आणि ही, खुशखुशीत ही जास्त" म्हटलं, त्यांच्याकडून एवढं म्हणजे लई झालं.

बाकी बारीकसारीक. फॅनचा आवाज आहे पण टीव्ही ऐकू येतो. दाराची काच बाहेरून चांगलीच तापते, लहान पोरं असतील तर ओटा सोडून कुठं ठेवू नका. पिन १६ अँपिअरची आहे, साध्या सॉकेटमधे जात नाही, आधी वायरमन बोलवा, आणि कन्व्हर्टर लावून जुगाड करू नका. केबल आखूड, मीटरभर पण नाही, ह्याचा मात्र मला अजून राग आहे. तो फिरणारा दांडा एकदाच वापरला, अख्खी कोंबडी त्यात मावत नाही, रॉडला घासते.

घ्यावा का? केक, नानकटाई, कधीतरी पिझ्झा असं असेल तर घ्या, सोबत तीन चारशेचा ओव्हन थर्मामीटर त्याच दिवशी घ्या आणि पहिल्याच आठवड्यात मोजा, म्हणजे बदलून मागायला तोंड राहतं. घरातून केकच्या ऑर्डर घेत असाल तर हा नको, अजून पैसे घालून आत सेन्सर असलेला बघा. मशीनला पाचपैकी तीन, दुकानाला चार, पहिल्या व्हिजिटला एक, थर्मोस्टॅट बदलून गेलेल्या काकांना पाच.